काळी चार, वजा तीन

माझ्या खोलीत नवीन माणूस आला की आधी भैयाला शोधतो. "ट्रॅकवाले भैया कहाँ हैं?" मी म्हणते, बसा, मीच ती. मग तो बसतो, टेबलाकडे बघतो आणि माउस शोधू लागतो. तोही सापडत नाही. समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि शेजारी साठी उलटलेली एक बाई. आपण चुकून दुसऱ्याच दुकानात शिरलो की काय, असा त्याचा चेहरा होतो. मग मी एक ओळ टाइप करते, एंटर मारते आणि खोलीत तबला, पेटी, बासरी सगळं एकदम वाजू लागतं. त्या क्षणी समोरच्याचं तोंड बघायला मला अजूनही फार आवडतं. त्यासाठी मी माउस मुद्दाम कपाटात ठेवते, असं आमच्या घरचे म्हणतात, आणि ते खोटं नाही.

रायपूरच्या शंकर नगरात एका औषधाच्या दुकानाच्या वर ही खोली आहे. गाणाऱ्याला मागे वाजणारं संगीत लागतं, त्याला आमच्या धंद्यात ट्रॅक म्हणतात. लग्नात गाणारे, शाळेच्या गॅदरिंगवाले, भजनी मंडळं, निवृत्तीनंतर अचानक गळा सापडलेले साहेब, असे सगळे माझ्याकडे येतात. मी त्यांना ट्रॅक करून देते आणि कार्यक्रमात लॅपटॉप घेऊन वाजवायलाही जाते. माझ्या नोकरीची कहाणी सांगत नाही, कारण त्या नोकरीत बदली सोडून दुसरं काही घडलं नाही. फक्त एवढं सांगते की मी रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागात होते आणि तिथली मशीनं युनिक्सवर चालत. तिथं चित्रं नव्हती, खिडक्या नव्हत्या. जे हवं ते अक्षरांत मागायचं. नीट मागितलं तर लगेच मिळायचं, एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर काहीच मिळायचं नाही आणि काय चुकलं तेही मशीन धड सांगायचं नाही. माझ्या सासूबाईंचा स्वभाव अगदी असाच होता, त्यामुळे मला दोन्हीकडे जमलं.

त्याच कार्यालयात एकदा जेवणाच्या सुट्टीत मला कळलं की हिशेब करणारं हे मशीन एका ओळीच्या हुकमावर गाणंही वाजवतं. टिमिडिटी नावाचा एक प्रोग्रॅम होता. त्याचं नाव लिहायचं, पुढे गाण्याच्या फाइलचं नाव लिहायचं, संपलं. मी लिहिलं आणि त्या कळकट स्पीकरमधून सतार वाजली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरचे वर्माजी म्हणाले, "क्या हुआ दीदी, करंट लगा?" मी हो म्हटलं. वेगळं काय सांगणार?

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण मोबाइलवर गाणं ऐकतो ते ध्वनिमुद्रण असतं, म्हणजे झालेला आवाज भरून ठेवलेला असतो. मी ज्या फाइली वाजवते त्यांना मिडी म्हणतात आणि त्यांच्यात आवाज अजिबात नसतो. कोणता सूर, कधी दाबायचा, किती जोरात, कधी सोडायचा आणि कोणत्या वाद्यानं, एवढंच लिहिलेलं असतं. शिंप्याच्या वहीत माप असतं तसं. मापाला कापड नसतं. वाजवायच्या वेळी संगणक आपल्याजवळचे तबल्याचे, पेटीचे, सारंगीचे आवाज काढतो आणि त्या मापानं तिथल्या तिथं कपडा शिवतो. शिवून झालेला ब्लाऊज घट्ट झाला तर तो उसवावा लागतो आणि शिवणीची जागा दिसते. ध्वनिमुद्रणाचा सूर खाली ओढला की तबला असाच ओघळतो, ढोलकीला सर्दी होते. पण मापातच दोन बोटं सैल लिहिलं तर कपडा पहिल्यापासून सैलच शिवला जातो. मिडीत हे होतं आणि तेही दोन-चार अक्षरांत. हुकमाच्या ओळीत मोठा के लिहायचा आणि पुढे आकडा. अधिक दोन म्हणजे दोन सूर वर, वजा दोन म्हणजे दोन सूर खाली, पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीनं मोजून. टी लिहून आकडा दिला की लय बदलते. क्यू लिहिलं की हवं ते वाद्य गप्प बसतं. माझा धंदा म्हणजे ही तीन अक्षरं, बाकी सगळं माणसं सांभाळणं आहे.

माणसं सांभाळणं का, तर पट्टीमुळे. गाणारा माणूस ज्या सुराला सा मानून गातो ती त्याची पट्टी. पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या मोजून तिचं नाव सांगतात, पांढरी एक, काळी दोन, असं. आमच्या गाणाऱ्यांना स्वतःचं वय विचारलं तर चालतं, रक्तातली साखर ते आपण होऊन सांगतात, पण पट्टी हा इभ्रतीचा प्रश्न असतो. मी वर गातो असं सांगताना पुरुष मिशीवरून हात फिरवतो, मिशी नसली तरी.

एक लग्नातली गोष्ट सांगते. तेव्हा मी आवाज काढणारा सिंथेसायझर वेगळा ठेवत असे आणि लॅपटॉपवरून त्याला तारेनं हुकूम पाठवत असे. वधू स्टेजवर येईपर्यंत सारंगी वाजवायची होती. ती आली, यजमानांनी हातानं बस म्हटलं आणि मी कंट्रोल आणि सी दाबून फाइल मध्येच तोडली. आता मिडीत सूर दाबायचा हुकूम वेगळा आणि सोडायचा वेगळा. दाबायचा गेला होता, सोडायचा राहून गेला. सिंथेसायझर बिचारा इमानी नोकर, कोणी सोड म्हटलं नाही म्हणून सूर धरून बसला. सारंगी थांबेना. मी तार काढली, तरी थांबेना. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि त्याच सुरात मंगलाष्टकं सुरू केली. ते एरवी सूर बदलत बदलत गायचे, त्या दिवशी एकदाही हलले नाहीत. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पुढच्या लग्नाले हे मशीन पुन्हा असंच बिघडवून द्या." तेव्हापासून मी एक छोटी फाइल बनवून ठेवली आहे, तिचं नाव 'शांत'. सगळ्या वाद्यांना सगळे सूर सोडा म्हणून सांगणारी. ती आजवर बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडली. घरी मात्र चालत नाही.

दुसरी भनपुरीची. तिथं ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे एक शेठ आहेत. विश्वकर्मा पूजेला आपल्या यार्डात स्वतः आरती म्हणायची हौस त्यांना आली. म्हणाले, "दीदी, दो सुर ऊपर करो, मेरी आवाज़ पहाड़ी है।" त्या दिवसांत पट्टी बदलायला मी स्वतःच लिहिलेला एक प्रोग्रॅम वापरून बघत होते. मिडीत सोळा ओळी असतात आणि दहावी ओळ तालवाद्यांची असते. त्या ओळीत प्रत्येक आकडा म्हणजे सूर नसतो, वेगळं वाद्य असतं. माझ्या प्रोग्रॅमनं इमानेइतबारे तीही ओळ दोननं वर उचलली. आरती सुरू झाली, शेठनी डोळे मिटून हात जोडले आणि खुळखुळ्याच्या जागी लांबलचक शिट्टी वाजली. मग प्रत्येक मात्रेला शिट्टी. ट्रान्सपोर्टच्या यार्डात शिट्टीचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. मागे एक ट्रक हळूहळू मागे येत होता, त्याच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि खाली उतरून मागं काय आलं ते शोधू लागला. क्लीनर शपथेवर सांगत होता की मी वाजवली नाही. मी घाईनं फाइल तोडायला गेले तर शेठनी माझा हात थांबवला. "सीटी रहने दो, दीदी. मज़ा आ रहा है।" आजही त्यांच्या यार्डात आरती शिट्ट्यांसकट होते आणि त्यासाठी मी ती बिघडलेली फाइल वेगळी जपून ठेवली आहे.

असे प्रकार खूप झाले. पण मला ज्याबद्दल खरं लिहायचं आहे ती गोष्ट कुमुदताईंची.

आमच्या पुरानी बस्तीकडच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाचा पहिला कार्यक्रम म्हणजे महिलांची वंदना. चाल आमच्याच एका जुन्या सभासदानं बांधलेली. कुमुदताई तरुण असताना त्यांनी ती पहिल्यांदा काळी चारमध्ये म्हटली आणि तेव्हापासून ती काळी चारमध्येच म्हणायची असं ठरून गेलं. ताई शाळेत संगीत शिकवत. निम्म्या मंडळाला त्यांनी सा म्हणायला शिकवलं आहे, मलाही शिकवलं आणि माझ्यावर वेळ वाया गेला असं त्या मोकळेपणानं सांगतात. वंदनेच्या अंतऱ्यात एक ओळ वर चढते आणि तिथं बाकीच्या बायका थांबतात, ताई एकट्या गातात. ती ओळ ऐकायला लोक वेळेवर येतात. एरवी आमच्या मंडळात वेळेवर येणं हा कमीपणा समजतात.

मागच्या वर्षी उत्सवाच्या थोडं आधी ताई दुपारी माझ्या खोलीत आल्या. पायऱ्या चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत.

"सुमे, दार लाव."

मी लावलं.

"मले वरचा सूर लागून नाही राहिला," त्या म्हणाल्या. "तो खोकला झाला होता नं, तेव्हापासून. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मी घरी कोणी नसलं की म्हणून पाहते. तिथं पोचते आणि फाटते."

मी म्हटलं, "मग खाली घेऊ, ताई. त्यात काय?"

"त्यात काय?" त्या माझ्यावर डाफरल्या. "तुले माहीत नाही त्यात काय? माझा सत्कार ठरून राहिला."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, सत्कार ठरला तर आनंद आहे. आमच्या मंडळात ज्याला गायचं थांबवायचं असतं त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि पुढच्या वर्षीपासून पहिल्या रांगेत खुर्ची. तो खुर्चीत बसतो आणि मान डोलावतो, पुन्हा कोणी त्याला स्टेजवर बोलवत नाही. मंडळाचे सचिव पाटणकर दोन-तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त पुण्याहून आले, सज्जन माणूस. त्यांनीच बैठकीत म्हटलं होतं, "कुमुदताईंनी इतकी वर्षं सेवा केली, आता त्यांना विश्रांती द्यायला हवी. आवाजावरही जरा परिणाम जाणवतो." मनात काही काळं नव्हतं त्यांच्या. पण ताईंना गाणं म्हणजे सेवा वाटत नव्हती आणि विश्रांती तर अजिबात नको होती.

"यंदा एकदा मले नीट गाऊ दे," ताई म्हणाल्या. "कोणाले न समजता. मग समितीवाल्यांची तोंडं बंद होतात. तुझ्या मशीनमध्ये होते का तसं?"

होते, मी म्हटलं. मनोहरभाऊ, म्हणजे मंडळाचे पेटीवाले, तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे भिलाईला गेले होते आणि वंदना माझ्या ट्रॅकवर होणार होती. मला इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. मनोहरभाऊंसारख्या वाजवणाऱ्यांच्या संध्याकाळी माझ्या धंद्यानं कमी केल्या. लोक म्हणतात, पेटीवाला कशाला, सुमनताईंचा ट्रॅक आहे नं. मला ते ऐकून बरं वाटत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. मनोहरभाऊंचे कान असे आहेत की कुकरची शिट्टी झाली तरी ते तिची पट्टी सांगतात.

ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तू खाली घेत जा," म्हणाल्या. "आकडा मले सांगू नको."

मी वंदना लावली, वजा एक. त्या अंतऱ्यापर्यंत आल्या आणि फाटल्या. वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत येते, त्यात एकाचे दोन केले, एंटर. पुन्हा फाटल्या, पण थोड्या. दोनाचे तीन केले. त्या चढल्या आणि पोचल्या. पोचून वर थांबल्या, थोडा वेळ तिथंच राहिल्या, मग हळूच उतरल्या. मी लय चार टक्के कमी केली आणि पुन्हा लावली. या वेळी त्यांनी त्या ओळीवर एक लहानशी मुरकी घेतली, जी मी त्यांच्या तोंडून आधी ऐकली नव्हती. खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस दार ढकलून उभा होता. त्याला मराठी कळत नाही. तो म्हणाला, "दीदी, ये कौन गा रहा है?"

ताईंनी वळून विचारलं, "किती खाली गेली?"

"तुम्हीच म्हटलं आकडा सांगू नको."

"आता सांग."

"पांढरी चार."

त्यांनी हवेतच पेटीच्या पट्ट्या मोजल्या. मग म्हणाल्या, "चार तर राहिली." आणि हसल्या. माझ्या जिवात जीव आला.

तालमी माझ्या खोलीतच झाल्या. सगळ्या बायका आल्या, वंदना म्हटली आणि कोणाला काही कळलं नाही. निदान मला तसं वाटलं. ताईंच्या शेजारी उभी राहणारी शोभा एकदा पाणी पिताना म्हणाली, "आज सोपं गेलं, नाही का?" दुसरी म्हणाली, "हव, हवा बदलली." ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे पाहिलं. विषय तिथंच संपला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी स्टेजच्या कडेला लहान टेबलावर लॅपटॉप लावला, आवाज तपासला, ओळ टाइप करून ठेवली. फाइलचं नाव, के, वजा तीन. फक्त एंटर बाकी. बायका एका रंगाच्या साड्या नेसून रांगेत उभ्या. पाटणकर पहिल्या रांगेत. आणि तेवढ्यात मागच्या दारातून काठी टेकत मनोहरभाऊ आले. मागे त्यांचा मुलगा पेटी उचलून.

"गुडघा बरा आहे," ते म्हणाले. "वंदनेले मी नाही असं कधी झालं नाही. सुमन, तुझं वाजू दे, मी संगतीले बसतो."

त्यांना नाही कोण म्हणणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनोहरभाऊ खुर्चीत बसले, पेटी समोर स्टुलावर घेतली, भाता सोडला. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्याशी बोलायला जायला वेळ नव्हता. पाटणकरांनी खूण केली आणि मी एंटर दाबला.

सुरुवातीची बासरी वाजली. मनोहरभाऊंनी काळी चारवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. बासरी एकीकडे, पेटी दुसरीकडे, ऐकायला भयंकर. बायकांची पहिली ओळ यायची होती. मनोहरभाऊंनी समोरचा माइक जवळ ओढला आणि अगदी मदत करायच्या आवाजात म्हणाले, "सुमन, तुझं मशीन खाली लागून राहिलं. थांबव आणि काळी चारवर घे."

मी फाइल तोडली. 'शांत' चालवलं. सभागृहात एकदम शांतता झाली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्यासमोर ती ओळ होती. वरचा बाण दाबायचा, के वजा तीन खोडायचं, एंटर. लहान पोराला जमेल असं काम. ते केलं असतं तर मशीन चुकलं होतं असं सगळ्यांना वाटलं असतं आणि ताई अंतऱ्यात सगळ्यांसमोर फाटल्या असत्या. नाही केलं तर का नाही करत, हे सांगावं लागलं असतं. मी ताईंकडे पाहिलं. या बाईनं मला सा शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि आता तिचं गाणं माझ्या एका बोटावर आलं होतं. मला रडूच येणार होतं.

ताईंनी आपला माइक हातात घेतला.

"मशीन बरोबर आहे, मनोहरभाऊ," त्या म्हणाल्या. "माझा आवाज आता इथंच लागते. काळी चार सुटली माझी. पांढरी चार धरा."

मनोहरभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. किती वर्षं त्या दोघांनी ती वंदना एकत्र केली असेल कोण जाणे. मग त्यांनी मान हलवली, काठी खाली ठेवली आणि बोटं पांढरी चारवर नेली. माझ्याकडे बघून म्हणाले, "चालव."

मी ओळ तशीच ठेवून एंटर दाबला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी कितीतरी कार्यक्रम केले पण असा एकही नाही. बायका पहिल्या ओळीपासून अशा गायल्या की माझा ट्रॅक मलाच ऐकू येईना. मी आवाज वाढवला, त्यांनीही वाढवला. अंतरा आला, बायका थांबल्या, ताई एकट्या चढल्या. मनोहरभाऊंनी पेटी अगदी बारीक केली. ताई वर पोचल्या, थांबल्या आणि त्यांनी ती मुरकी घेतली. घेतली आणि परत घेतली. पाहिजे तितकी जागा होती आता त्यांना. मला राहवलं नाही, मी चालत्या ट्रॅकलाच क्यूचा हुकूम देऊन त्यातली पेटी गप्प केली, म्हणजे मनोहरभाऊंचीच पेटी तेवढी राहिली. त्यांना ते लगेच कळलं. ते माझ्याकडे न बघता हसले. शेवटच्या ओळीला सभागृहातले अर्धे लोक आपापल्या जागी गात होते, खालच्या पट्टीत त्यांनाही जमत होतं. मी टेबलाखाली पाय आपटून ताल देत होते आणि ते मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं.

कार्यक्रम झाल्यावर पाटणकर स्टेजमागे आले. बिचारे गडबडले होते. "ताई, ते सत्काराचं... समारोपाला ठेवू या का?"

"समारोपाला मी गाऊन राहिली," ताई म्हणाल्या. "तुम्ही शाल सांभाळून ठेवा, कसर लागू देऊ नका."

पाटणकर हो म्हणाले. भला माणूस आहे, मी आधीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडते तर जिन्यावर शोभा उभी. आत आली, दार लावलं.

"सुमनताई, मलेही पाहून द्या नं."

"काय?"

"माझी पट्टी. ताईंना सांगू नका. काळी चार मले लई उंच पडते. मी वरच्या ओळीत नुसतं तोंड हलवते."

मी वंदना लावली आणि तिला भिंतीकडे तोंड करून उभी केली, आता पद्धतच पडली होती. वजा चारपर्यंत आलो तेव्हा दार वाजलं. मंडळातली दुसरी एक जण. तिला शोभा दिसली आणि ती म्हणाली, मी औषध घ्यायला आली होती. औषधाचं दुकान खाली आहे हे तिला माहीत होतं. तिच्यामागे आणखी दोघी जिना चढत होत्या. माझ्या खोलीत खुर्च्या कमी, त्या टेबलाला टेकून, खिडकीत, जागा मिळेल तिथं उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे न बघता म्हणू लागल्या की जरा पट्टी बघायची होती.

तेवढ्यात ताई आल्या. त्यांना समारोपाचा ट्रॅक ठरवायचा होता. दारातच थांबल्या. आत त्यांचा सगळा गट उभा आणि पडद्यावर के वजा चार.

"हे काय चालून राहिलं?"

शोभा म्हणाली, "पट्टी पाहून राहिलो, ताई."

"तुले काळी चार नाही जमत?"

"नाही."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच. मले कधी जमलीच नाही."

ताईंनी एकेकीकडे पाहिलं. एकेकीनं मान खाली घातली.

"इतकी वर्षं माझ्या पट्टीत ओरडल्या तुम्ही?" ताईंनी विचारलं. "काहून बोलल्या नाही गं?"

शोभानं वर पाहिलं. "तुम्ही तरी कुठं बोलल्या, ताई?"

ताईंनी चपला काढल्या, आत आल्या आणि माझ्या शेजारची एकुलती एक खुर्ची ओढून तिच्यावर शोभाला बसवलं.

"लाव, सुमे," त्या म्हणाल्या. "आधी हिची लाव."